एशियाडचं बॅडमिंटन नीट समजून घेऊया: २-० पुढे असताना गोल्ड गेलं कसं?

१ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, पुरुषांची टीम फायनल. समोर चीन, घर त्यांचं, पब्लिक त्यांचं, आणि आपण पहिल्या दोन मॅच जिंकून २-० पुढे. लक्ष्य सेननी शी यूचीला तीन गेममधे हरवलं, २२-२०, १४-२१, २१-१८, आणि मग डबल्समधे सात्विक-चिरागनी लियांग वेकंग-वांग चांगना सरळ दोन गेममधे उडवलं, २१-१५, २१-१८. गोल्डसाठी आता उरलेल्या तीनपैकी फक्त एक मॅच हवी होती. त्या तिन्ही गेल्या. ३-२, सिल्व्हर.

तेव्हापासून हा प्रश्न कितीतरी वेळा ऐकलाय, की अरे २-० पुढे होतो ना, मग तिसऱ्या मॅचला लक्ष्यलाच परत का नाही उतरवलं, किंवा श्रीकांतला मागे ठेवून दुसऱ्या कुणाला का नाही पाठवलं, कोच लोक करत काय होते. प्रश्न अगदी रास्त आहे कारण टीव्हीवर हे कुणी धड सांगत नाही, कॉमेंट्रीवाले "क्रुशियल मॅच, क्रुशियल मॅच" एवढंच म्हणत राहतात. म्हणून हे सगळं प्रकरण असतं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे कळलं की ते सिल्व्हर हातातनं निसटलेलं गोल्ड वाटत नाही, उलट तिथपर्यंत पोचलोच कसे याचं आश्चर्य वाटायला लागतं.

आधी एवढं लक्षात घ्या की एशियन गेम्समधे बॅडमिंटनची एकूण सात गोल्ड असतात. पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स, पुरुष डबल्स, महिला डबल्स, मिक्स्ड डबल्स हे पाच वैयक्तिक, आणि पुरुष टीम, महिला टीम हे दोन सांघिक. हांगझोऊला टीम इव्हेंट आधी उरकले, २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर, आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून वैयक्तिक. म्हणजे जो खेळाडू टीमकडून फायनलपर्यंत खेळला त्याला विश्रांती जवळजवळ नाहीच, थकलेल्या पायांनीच पुढच्या स्पर्धेत उतरायचं. हे पुढे प्रणॉयच्या बाबतीत फार महत्त्वाचं ठरलं, त्यावर येतोच.

आता टीमची लढत, तिला टाय म्हणतात. एका टायमधे पाच मॅच: सिंगल्स, डबल्स, सिंगल्स, डबल्स, सिंगल्स. ज्यांच्या तीन आधी होतील ते जिंकले, उरलेल्या मग खेळवतच नाहीत. एक खेळाडू एका टायमधे जास्तीत जास्त एक सिंगल्स आणि एक डबल्स खेळू शकतो, दोन सिंगल्स खेळणं चालत नाही, त्यामुळे लक्ष्यला परत उतरवायचा प्रश्न तिथेच मिटला.

पण खरी मेख पुढे आहे. सिंगल्सचे तीन खेळाडू कोण ते तुम्ही ठरवू शकता, पण त्यांचा क्रम तुम्ही ठरवू शकत नाही, तो ठरतो वर्ल्ड रँकिंगवरून. तिघांत ज्याचं रँकिंग सगळ्यात वरचं तो पहिली सिंगल्स खेळणार, त्याच्या खालचा दुसरी, आणि सगळ्यात खालचा शेवटची. डबल्सच्या दोन जोड्यांनाही तोच न्याय. पत्त्यांमधे हुकूम कधी टाकायचा हे निदान आपल्या हातात असतं, इथे तेही नाही, हुकूम पहिल्याच डावात टाकावा लागतो.

असा नियम का केला असेल? समजा क्रम मोकळा ठेवला, तर प्रत्येक देश काय करेल, समोरच्याच्या नंबर एकपुढे आपला सगळ्यात कच्चा खेळाडू देईल, ती मॅच सोडून देईल आणि आपला नंबर एक त्यांच्या नंबर तीनवर सोडेल. मग भारी विरुद्ध भारी अशी मॅच बघायलाच मिळायची नाही, नुसता अंदाज बांधायचा खेळ होऊन बसेल. त्यामुळे नियम योग्यच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त त्याचा एक परिणाम असा होतो की ज्या देशाकडे एक-दोन स्टार आहेत आणि मागे रांग नाही, तो देश टाय जिंकू शकत नाही, कारण शेवटची सिंगल्स आणि दुसरी डबल्स या दोन मॅच तुमच्या तिसऱ्या खेळाडूवर आणि दुसऱ्या जोडीवर असतात, आणि स्टार तेव्हा बाहेर बसून टाळ्या वाजवत असतो.

आता हांगझोऊकडे परत. आपला त्या वेळचा नंबर एक होता एच. एस. प्रणॉय. ऑगस्टमधेच त्यानी वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे कोपनहेगनला डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसनला, म्हणजे त्याच्याच देशात जाऊन, हरवून ब्राँझ घेतलं होतं. ठरलेली टीम अशी होती की पहिली सिंगल्स प्रणॉय, दुसरी लक्ष्य, तिसरी श्रीकांत. सेमीफायनलला कोरियाविरुद्ध हेच तिघे उतरले, आणि गंमत बघा, सात्विक-चिराग त्या दिवशी हरले, दुसरी जोडीही हरली, पण तिन्ही सिंगल्स आपण काढल्या. शेवटच्या मॅचला श्रीकांत पहिली गेम १२-२१ हरला होता, तिथून पुढच्या दोन २१-१६, २१-१४. हे शक्य झालं कारण वर्ल्ड नंबर एक राहिलेला माणूस आपल्याकडे तिसऱ्या नंबरवर होता. कोरियाचा तिसऱ्या नंबरचा खेळाडू तेवढा मोठा नव्हता.

आणि मग फायनलच्या आधी प्रणॉयची पाठ गेली.

एक माणूस बाहेर गेला की एकच जागा बदलते असं आपल्याला वाटतं. पण नियमामुळे सगळी रांगच एकेक घर वर सरकते. लक्ष्य दुसऱ्याचा पहिला झाला, श्रीकांत तिसऱ्याचा दुसरा झाला, आणि तिसऱ्या जागी आला मिथुन मंजुनाथ. म्हणजे प्रत्येकाला आधी ठरलेल्यापेक्षा एक पायरी वरचा प्रतिस्पर्धी मिळाला. लक्ष्यनी तरी शी यूचीला हरवून दाखवलं, हे किती मोठं होतं ते आपण विसरतो. पण श्रीकांतसमोर आला ली शिफंग, त्या वर्षीचा ऑल इंग्लंड चॅम्पियन. पहिली गेम २२-२४ अशी गेली, दोन पॉइंट इकडे आले असते तर काय झालं असतं देव जाणे, पण त्यानंतर ९-२१. दुसऱ्या डबल्सला ध्रुव कपिला बरोबर साई प्रतीक, एरवी एकत्र खेळणारी जोडी नाही, आणि समोर लिऊ यूचेन-ओऊ शुआनयी, पैकी लिऊ यूचेन टोकियो ऑलिंपिकचा सिल्व्हरवाला. ६-२१, १५-२१. आणि शेवटी मिथुनसमोर वंग होंगयांग.

हा वंग होंगयांग म्हणजे चीनचा तिसऱ्या नंबरचा सिंगल्स खेळाडू. दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलमधे यानीच प्रणॉयला हरवलं होतं, तिसऱ्या गेममधे २२-२० असं. म्हणजे आपल्या नंबर एकला सुपर ५०० दर्जाच्या स्पर्धेच्या फायनलमधे हरवणारा माणूस त्यांच्याकडे तिसरा होता. मिथुन १२-२१, ४-२१ हरला, आणि त्याबद्दल त्या पोराला कुणी बोल लावला तर मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढ्या मोठ्या फायनलची शेवटची मॅच, २-२, समोर हा खेळाडू, आणि अंगावर सगळं चिनी स्टेडियम.

प्रणॉय फिट असता तर जिंकलो असतो का? सांगता येत नाही. पण जोड्या कशा लागल्या असत्या ते बघा: प्रणॉय वि. शी यूची, लक्ष्य वि. ली शिफंग, आणि लक्ष्यनी ली शिफंगला जुलैमधे कॅनडा ओपनच्या फायनलमधे हरवलेलं होतं, आणि शेवटी श्रीकांत वि. वंग. कागदावर तरी ही टाय अगदी बरोबरीची होती.

हाच नियम आपल्या बाजूनी कसा फिरतो त्याचं उदाहरणही आपलंच आहे, मे २०२२ चं थॉमस कप, म्हणजे पुरुष टीमचा वर्ल्ड कपच म्हणा, बँकॉक. तिथेही टायची रचना हीच. पण तेव्हा लक्ष्य आणि श्रीकांतचं रँकिंग प्रणॉयच्या वर होतं, त्यामुळे प्रणॉय होता तिसऱ्या जागी. क्वार्टरला मलेशिया २-२, प्रणॉय जिंकला. सेमीला डेन्मार्क २-२, घोटा दुखावलेला असतानाही प्रणॉयच जिंकला. आणि फायनलला इंडोनेशियाविरुद्ध लक्ष्यनी गिंटिंगला, सात्विक-चिरागनी अहसान-सुकामुल्योला आणि श्रीकांतनी क्रिस्टीला हरवून ३-० करून टाकलं, प्रणॉयची मॅच झालीच नाही. टीमच्या ताकदीचा अंदाज घ्यायचा तर मी तिसऱ्या सिंगल्सचं नाव आधी बघतो. बँकॉकला तिथे प्रणॉय होता, हांगझोऊच्या फायनलला मिथुन. दोन निकालांमधला बराचसा फरक मला एवढ्यातच दिसतो.

आता वैयक्तिक स्पर्धा, तिथे भानगड वेगळी आहे. पहिली गोष्ट, ब्राँझसाठी मॅच होत नाही. सेमीफायनलमधे हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं, टीममधेही तसंच. ऑलिंपिकमधे तसं नाही, तिथे ब्राँझसाठी वेगळी मॅच खेळावी लागते. त्यामुळे एशियाडमधे सगळ्यात जीवघेणी मॅच फायनल नसते, ती असते क्वार्टरफायनल, कारण जिंकलं की मेडल पक्कं आणि हरलं की हात हलवत घरी. हांगझोऊला सिंधू इथेच अडकली, चीनच्या हे बिंगजियाओकडून हरली. प्रणॉय मात्र त्याच पाठदुखीसकट उतरला आणि मलेशियाच्या ली झी जियाला २१-१६, २१-२३, २२-२० असं हरवून सेमीला गेला. सेमीमधे ली शिफंगनी त्याला सरळ हरवलं, पण ब्राँझ आलं, आणि हे एशियाडमधलं भारताचं पुरुष सिंगल्सचं ४१ वर्षांनंतरचं मेडल. मला स्वतःला अख्ख्या स्पर्धेत ही क्वार्टरफायनल सगळ्यात मोठी वाटते, सात्विक-चिरागचं गोल्ड धरूनसुद्धा.

टीममधेही ड्रॉचा, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी कधी पडते त्याचा, असाच खेळ असतो. गट वगैरे काही नव्हते, सरळ नॉकआउट. आपल्या पुरुषांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे, क्वार्टरला नेपाळ, ३-० जिंकले आणि मेडल पक्कं. महिलांना मंगोलियाविरुद्ध ३-० जिंकल्यावर क्वार्टरलाच थायलंड भेटली, ०-३, खेळ खलास. त्यामुळे नुसतं "मेडल आलं, मेडल नाही आलं" एवढ्यावरून टीम चांगली की वाईट हे ठरवू नये, कोण कुठे भेटलं ते आधी बघावं.

दुसरी गोष्ट, एका देशाचे प्रत्येक प्रकारात फक्त दोन. चीनकडे टॉपचे चार खेळाडू असले तरी दोघेच येणार. आता कुणी म्हणेल मग सोपं झालं की. थोडं झालंच, हे मान्य करायला हवं. दरवर्षी होणाऱ्या एशियन चॅम्पियनशिपला एका देशाचे दोनापेक्षा जास्त येऊ शकतात, त्या अर्थी तिथला ड्रॉ जास्त भरलेला असतो. (या दोन स्पर्धांमधे लोक फार गोंधळ करतात. एशियन चॅम्पियनशिप ही फक्त बॅडमिंटनची, दरवर्षीची, दिनेश खन्नांनी १९६५ मधे लखनौला जिंकली होती आणि नंतर थेट २०२३ मधे सात्विक-चिरागनी दुबईत जिंकली ती ही. एशियन गेम्स म्हणजे एशियाड, चार वर्षांनी येणारं, सगळ्या खेळांचं.) पण एशियाडला बक्षिसाची रक्कम नसते, चार वर्षांतून एकदाच संधी मिळते, आणि देशासाठी म्हणून जो तो जीव तोडून खेळतो. कोरियाच्या मुलांचं तर अजूनच वेगळं असतं, त्यांना सक्तीची लष्करी सेवा असते, तिच्यातून सूट मिळते ऑलिंपिकच्या कुठल्याही मेडलवर, पण एशियाडमधे फक्त गोल्डवर. सिल्व्हरला सूट नाही! विचार करा, अशा फायनलमधे कोर्टवर काय चाललेलं असेल.

किती कठीण असतं हे आकड्यात बघायचं तर ऑलिंपिक घ्या. टोकियो आणि पॅरिस मिळून बॅडमिंटनची ३० मेडल वाटली गेली, त्यातली २८ आशियाई खेळाडूंना गेली. उरलेली दोन? दोन्ही एकाच माणसाची, डेन्मार्कचा व्हिक्टर ॲक्सेलसन. म्हणजे एशियाडचा ड्रॉ म्हणजे ॲक्सेलसन आणि स्पेनची मरीन असे युरोपातले काही जण वगळून जवळजवळ ऑलिंपिकच. फुटबॉल किंवा ॲथलेटिक्समधे खंडाची स्पर्धा म्हणजे जगाच्या स्पर्धेपेक्षा एक पायरी खाली, बॅडमिंटनमधे तसं नाही, इथे जग आशियातच राहतं.

म्हणून कॉमनवेल्थ आणि एशियाडची मेडल एका तराजूत टाकू नका. कॉमनवेल्थला चीन नाही, जपान नाही, कोरिया नाही, इंडोनेशिया, थायलंड, तैपेई (म्हणजे तैवान) कुणी नाही. १९८२ मधे सय्यद मोदींनी ब्रिस्बेनला कॉमनवेल्थचं सिंगल्स गोल्ड जिंकलं आणि काही आठवड्यांनी दिल्लीच्या एशियाडमधे, आपल्या एसटीच्या एशियाड गाडीचं नाव ज्याच्यावरून पडलं तेच, तिथे त्याच माणसाला ब्राँझ मिळालं, आणि ते ब्राँझ मोठं होतं. २०१८ ला पुन्हा तेच. गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थची फायनल सायना वि. सिंधू, दोघी आपल्याच. त्याच वर्षी जकार्ताला एशियाडमधे दोघींच्या वाटेत तैपेईची ताय त्झू-यिंग आली, सेमीला सायनाला आणि फायनलला सिंधूला तिनीच हरवलं. सायनाला ब्राँझ, सिंधूला सिल्व्हर, आणि सिंधूचं ते सिल्व्हर म्हणजे तोपर्यंतचं भारताचं एशियाडमधलं बॅडमिंटनचं सगळ्यात मोठं मेडल.

जुनी पानं उलटली तर हे अजून जाणवतं. बॅडमिंटन एशियाडमधे आलं १९६२ ला, जकार्तात, म्हणजे आपले नंदू नाटेकर ऐन भरात होते त्या पन्नासच्या दशकात ते तिथे नव्हतंच. भारताला पहिलं मेडल १९७४ ला तेहरानमधे, पुरुष टीमचं ब्राँझ. मग १९८२ ला दिल्लीत एकदम पाच ब्राँझ, त्यात पुरुष डबल्सचं प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचं, हे नाव आपल्याकडे निदान बॅडमिंटनवाल्यांनी तरी विसरू नये. १९८६ ला पुन्हा टीम ब्राँझ. त्यानंतर थेट २०१४, मधली २८ वर्षं कोरडी. ऑल इंग्लंड जिंकलेल्या प्रकाश पदुकोण यांच्या नावावर एशियाडचं सिंगल्स मेडल नाही, गोपीचंद यांच्या नावावर एकही एशियाड मेडल नाही. आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही, मलेशियाच्या ली चोंग वेईला एवढ्या मोठ्या कारकिर्दीत एशियाड गोल्ड मिळालं नाही, २०१० ला ग्वांगझोऊमधे फायनलला लिन डाननी अडवलं.

हे सगळं डोक्यात ठेवून मग ७ ऑक्टोबर २०२३ कडे बघा. सेमीमधे सात्विक-चिरागसमोर होते मलेशियाचे आरन चिया-सो वूई यिक, ज्यांच्याकडून हे दोघे त्या वर्षीच्या जूनपर्यंत आठच्या आठ वेळा हरले होते आणि इंडोनेशिया ओपनच्या फायनलला पहिल्यांदा जिंकले होते. इथे २१-१७, २१-१२. फायनलला कोरियाचे चोई सोलग्यू-किम वोनहो, २१-१८, २१-१६. भारताचं एशियाडमधलं बॅडमिंटनचं पहिलं गोल्ड, ६१ वर्षांनी. त्यातला सात्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, चिराग मुंबईचा, गोरेगावला उदय पवार सरांकडे घडलेला. पुढच्याच आठवड्यात दोघे वर्ल्ड नंबर एक झाले.

पण परत टीमकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथली आहे. त्याच हांगझोऊमधे कोरियाच्या मुलींनी टीम फायनलला चीनला ३-० हरवलं, १९९४ नंतर पहिल्यांदा. आन से-यंगनी चेन युफेईला हरवणं अपेक्षित होतं म्हणा, पण पुढे बेक हाना-ली सोहीनी चेन छिंगचेन-जिया यिफान यांना हरवलं आणि किम गा-उननी हे बिंगजियाओला. म्हणजे एका सुपरस्टारमागे दुसरी सिंगल्स आणि डबल्स दोन्ही भक्कम. आपल्याकडे सात्विक-चिराग आहेत, पण त्यांच्यामागची दुसरी पुरुष जोडी कोण याचं ठाम उत्तर हांगझोऊच्या फायनलच्या दिवशी नव्हतं. आपल्या राज्याच्या स्पर्धा बघा, सिंगल्सच्या कोर्टभोवती पालकांची गर्दी आणि डबल्सला बऱ्याचदा सिंगल्समधून लवकर बाहेर पडलेली पोरं जोडीनं उतरवलेली. डबल्स हा वेगळा खेळ आहे, त्याची सर्व्हिस वेगळी, पायाची हालचाल वेगळी, आणि पाचपैकी दोन मॅच डबल्सच्या असतात. चिरागसारखा एखादा निघाला तो लहान वयात डबल्सवर विश्वास टाकणारं कुणीतरी होतं म्हणून.

तेव्हा पुढच्या एशियाडला, थॉमस कपला, कुठल्याही टायला टीमची यादी लागली की वरची दोन नावं सगळ्यांनाच माहीत असतात, तुम्ही खालून वाचायला सुरुवात करा. तिसरी सिंगल्स कोण, दुसरी डबल्स कोण, आणि वरचा एक जण जायबंदी झाला तर रांग सरकून चौथा कोण येतो.